बाबांचा रबरी गळा कोणाकडे जावा याविषयी

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, काम प्रयोगशाळेत काचकाम व जुळणी, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या खोलीत, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे तर आपण होऊन लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थोडा थरथरतो, पण तो लिहितानाच थरथरतो. काचेपाशी थरथरत नाही, हे साक्षीदार सांगतील. माझी शाळा अकरावीत सुटली. शब्दकोश शेजारी घेऊन बसलो आहे, तरी काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे. माणसांना मी घरात आणि कामावर ज्या नावाने हाक मारतो तेच नाव लिहिले आहे, म्हणजे घोटाळा होणार नाही.

येत्या सोमवारी माझ्या गळ्याचे ऑपरेशन आहे. गेल्या वर्षी न्यूमोनियात बरेच दिवस घशात नळी होती. नळी निघाली, पण तिच्या जागी आत व्रण धरला आणि श्वासनलिका तेवढ्यात आवळत गेली. फुग्याने रुंद करून पाहिली, पुन्हा आवळली. आता तो तुकडा कापून दोन टोके जोडणार आहेत. सर्जन म्हणाले, बहुतेक माणसे आपल्या पायांनी घरी जातात. मी ‘बहुतेक’ या शब्दावर अडकलो आणि लिहायला बसलो.

माझ्याकडे वाटण्यासारखे फार नाही. भांडण होईल अशी वस्तू एकच आहे, ती सातव्या कलमात आहे. घाई असेल त्याने थेट तिथे जावे.

१. या मृत्युपत्राची व्यवस्था वहिनीने पाहावी. घरात कागद कुठे ठेवला हे आठवणारी ती एकटीच आहे. शिवाय गेले दीड वर्ष दादाचे माझ्यापर्यंत आणि माझे दादापर्यंत जे काही पोचले ते तिच्याच तोंडून पोचले, आणि दोन्हीकडचे नको ते शब्द तिने वाटेत गाळून टाकले. हे पाकीट मी तिच्याकडे ठेवायला देत आहे. तिने ते आता उघडू नये, तसे वरही लिहिले आहे.

२. बाबांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा दादाला जावा. मी आता तिथे राहत नाही आणि तो तिथून हलणार नाही. आमच्या खोलीच्या खिडकीची कडी मी लहानपणी तोडली होती आणि तिथे आजही दोरी बांधलेली आहे, असे कळते. आता तरी कडी बसवावी.

३. माझी बँकेतली शिल्लक वहिनीकडे जावी. मात्र त्यातून आधी दादाच्या, म्हणजे पूर्वी बाबांच्या, गाड्या रंगवण्याच्या शेडसाठी हवा बाहेर ओढणारा मोठा पंखा घ्यावा. छोटा घेऊ नये. दादा म्हणेल दार उघडे ठेवले की पुरते. बाबाही तेच म्हणायचे. सोबत फवारणीचे मास्क घ्यावेत, गाळणी बदलता येणारे. तोंडाला रुमाल म्हणजे मास्क नव्हे. उरलेले पैसे पुतणीच्या शिक्षणाला.

४. माझी अवजारे. काच ओढायचे यंत्र प्रयोगशाळेचे आहे, पण बर्नर, दोन्ही भिंगे आणि चिमटे माझे आहेत. ते माझ्या जागी जो येईल त्याला द्यावेत. तयार काचनळ्या कपाटात निळ्या झाकणाच्या डब्यात आहेत. त्यांची टोके डोळ्यांना दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून बोट लावून पाहू नये.

वहिनीला माझे काम कधी नीट सांगता आले नाही, म्हणून इथे सांगतो. त्या नळीच्या टोकाने एक जिवंत पेशी हलकेच ओढायची. पेशी मऊ असेल तर आत बरीच सरकते, कडक असेल तर थोडीच. किती ओढले आणि किती सरकली यावरून तिचा कडकपणा मोजतात. हे यंत्र आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी शोधून काढले, मी फक्त नळ्या करतो. बाबा आजारी पडल्यावर त्यांच्या छातीतून काढलेल्या पेशी त्यावर तपासल्या, तेव्हा त्या नळीत शिरायलाच तयार नव्हत्या. मॅडमनी बाबांना ते पडद्यावर दाखवले. बाबा म्हणाले, “घराण्याचं नाव राखलंय त्यांनी. आमच्यात कुणी ओढलं तरी आत जात नाही.”

५. मॅडमच्या दुसऱ्या यंत्राच्या पेटंटवर शोध लावणाऱ्यांच्या यादीत शेवटचे नाव माझे आहे. हे यंत्र म्हणजे बॉलपेनच्या रिफिलपेक्षा बारीक प्रोब. तो श्वासनलिकेत घालतात, त्याचे टोक आत गरगर फिरत प्रकाश टाकते आणि भिंत कुठे जाड, कुठे अरुंद, ते पडद्यावर दिसते. माझे नाव टोकावरच्या मऊ टोपीसाठी आहे. मी केलेली पहिली टोपी चाचणीत निघून आतच राहिली होती. मॅडमनी तिला खाच पाडली, तेव्हा ती टिकली. तरी नाव ठेवले. या पेटंटातून माझ्या वाट्याला जे येईल ते पुतणीचे. शब्दकोश आणि सायकलही तिची. सायकलचा मागचा ब्रेक लागत नाही, हे तिला आधी सांगावे.

६. किरकोळ. स्टोअरवाल्याने माझे तिसरे भिंग ‘उद्या देतो’ म्हणून नेले. ते त्याच्याकडेच राहू द्यावे, पण वापरताना माझी आठवण काढावी. घरमालकिणीने माझ्या खोकल्याबद्दल जिन्यात उभे राहून जे बोलून दाखवले ते मी विसरलेलो नाही. तिला माझी कुंडी द्यावी. तिला झाडे आवडत नाहीत.

७. बाबांचा साचा. बाबा आजारी असताना मॅडमनी त्यांच्या स्कॅनवरून त्यांच्या श्वासनलिकेचा सिलिकॉनचा पारदर्शक साचा केला. वरचा गळा, खाली दोन फांद्या, पुढे बारीक डहाळ्या, सगळे हुबेहूब. नवीन प्रोब बिनधोक वळतो की नाही हे आधी त्यात घालून पाहायचे. संमतीच्या कागदावर सही करताना बाबांनी अट घातली, साचा धाकट्याच्या मालकीचा असेल. मॅडमनी कारण विचारले. बाबा म्हणाले, “थोरल्याला शेड दिली. धाकट्याला गळा.”

म्हणून साचा माझा आहे. तसा कागद मॅडमकडे आहे.

बाबांच्या डाव्या फांदीला एक अवघड वळण आहे. जो प्रोब तिथून सुखरूप जातो तो कुठूनही जातो. त्यामुळे आमच्यात रीतच पडली की बाबांतून गेल्याशिवाय प्रोब रुग्णालयात जात नाही. ‘बाबांतून आला का?’ ‘बाबांत अडकला.’ ‘बाबा कोणी घेतलेत?’ असे दिवसभर चालते. बाबा होते तोवर त्यांना हे सांगून मी हसवत असे. ते गेल्यावरही बोलणे तसेच राहिले. कोणाच्या मनात काही वाकडे नव्हते.

बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा दादा मी घरी विसरलेला डबा द्यायला प्रयोगशाळेत आला. मी काच ओढत होतो, मधे सोडता येत नाही. दारात आमचा लेन्सवाला भेटला. हा प्रोबची भिंगे बसवतो, माणूस सरळ आहे. त्याने दादाला खुर्ची दिली आणि म्हणाला, “बसा ना. बाबांना आत्ताच धुऊन उलटं टांगलंय. वाळेपर्यंत त्याची काच होईल, येतोच तो.”

दादाने डबा जमिनीवर ठेवला आणि निघून गेला. मी मागे धावलो. त्याने वळून पाहिले नाही.

तेव्हापासून दादा माझ्याशी बोललेला नाही. मी न्यूमोनियात बेशुद्ध होतो तेव्हा तो रोज बाहेरच्या बाकावर बसून असायचा, असे वहिनी सांगते. मी डोळे उघडले त्या दिवसापासून तो आला नाही. वहिनीकरवी त्याचे म्हणणे एकच आहे: बाबांचा गळा घरी आणून दे, तुमच्या खुंटीवर नको. माझे म्हणणे असे की बाबांनी तो कामासाठी दिला आहे.

हे दोघांचेही खरे असेल. पण मुद्दा वेगळा आहे. दादा खोकतो. बाबा जसे आधी फक्त सकाळी खोकायचे, मग जिना चढल्यावर, तसाच. वहिनी म्हणते, आता तो जिन्यात बूट बांधायच्या निमित्ताने थांबतो. त्याचे बूट बिनलेसचे आहेत. तपासून घे म्हटले तर म्हणतो, त्या टांगणाऱ्यांच्या हातात मी गळा देणार नाही. बाबांचे उशिरा कळले. त्याचे अजून वेळेवर कळू शकते.

म्हणून मी असे लिहून ठेवतो: बाबांचा साचा दादाला मिळावा, पण दादाने स्वतःच्या श्वासनलिकेची प्रोबने तपासणी करून घेतल्यावरच. तोपर्यंत तो मॅडमच्या ताब्यात राहावा. दादा चिडेल. चिडावे. वहिनीने या कलमात काहीही गाळू नये.

८. माझीही तपासणी याच प्रोबने झाली. त्या दिवशी मॅडमनी मला बजावले होते, आज तू पेशंट आहेस, कशालाही हात लावायचा नाही. घसा बधिर झाला होता, तरी मी खुणेने विचारले, बाबांतून आला का? लेन्सवाल्याने दोन बोटे दाखवली, म्हणजे दोनदा आला. पडद्यावर गोल भोक दिसायला हवे होते. मला शर्टाच्या काजाएवढी फट दिसली. आधी ती मला आपली वाटली नाही. या स्कॅनचा साचा करायचा असल्यास माझी हरकत नाही. त्याची मालकी प्रयोगशाळेची, म्हणजे पुन्हा कोणाला मृत्युपत्र लिहावे लागणार नाही.

९. दादाने आणलेला तो डबा माझ्या फळीवर आहे. वहिनीला परत द्यावा. घासलेला आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी दोनदा वाचला आणि पटला, म्हणून साक्षीदारांसमोर सही करत आहे. या दोघांना यातून काहीही मिळणार नाही, याची खात्री करून घेतली आहे.

सही: लिहून देणार
साक्षीदार १: रुग्णालयातली श्वासतपासणीची नर्स
साक्षीदार २: लेन्सवाला (सातवे कलम वाचून त्याने सही करण्याआधी बराच वेळ पेन हातात धरले)
ठिकाण: राहती खोली
दिनांक: १४ मार्च २०१८, बुधवार

पुरवणी

वरील मृत्युपत्राला ही पुरवणी मी त्याच शुद्धीत जोडत आहे.

वहिनीने पाकीट गुरुवारीच उघडले. विचारले तर म्हणाली, वर ‘उघडू नये’ लिहिलंस, मग कोण थांबेल? आणि सातवे कलम तिने दादाला जसेच्या तसे वाचून दाखवले.

त्याच संध्याकाळी दादा माझ्या खोलीच्या दारात आला. म्हणाला, “मला अट घालतोस? सायकल कुणी शिकवली तुला?” मी उत्तर द्यायला गेलो तर शब्दाआधी गळ्यातून शिट्टी वाजली. हल्ली तसेच होते. दादा उंबऱ्यातच बसला. म्हणाला, “बाबांसारखा वाजतोयस.” मी म्हटले, “तू पण.” त्याला हसू आले, आणि हसण्यातून खोकला आला, आणि तो खोकला बराच वेळ थांबेना. मी पाणी दिले. मग त्याने विचारले, कुठं यायचं, किती वाजता.

शुक्रवारी त्याची तपासणी झाली. लेन्सवाला प्रोब घेऊन आला आणि दादाला पाहून त्याची बोबडी वळली. म्हणाला, “हा प्रोब आम्ही त्या... साच्यातून...” दादा म्हणाला, “बाबांतून म्हणा. मला माहीत आहे.”

दादाच्या डाव्या फांदीची भिंत जाड झाली आहे. बाबांची झाली होती तेवढी नाही. डॉक्टरांनी औषध दिले आहे, पंखा बसेपर्यंत फवारणी बंद करायला सांगितले आहे आणि पुन्हा बोलावले आहे. पंखा मोठाच येणार आहे. वहिनी स्वतः दुकानात जाऊन आली.

तपासणीनंतर मी दादाला प्रयोगशाळेत नेले आणि साचा त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडात धरून पाहिला. डाव्या वळणावर बोट ठेवून विचारले, “इथं अडायचं?” मी हो म्हटले. मग तो नळापाशी गेला आणि साबणाने साचा आतून बाहेरून धुतला. लेन्सवाला सवयीने खुंटीकडे हात करणार तोच थांबला. दादाने कपाटातून स्वच्छ टॉवेल मागितला, तो टेबलावर पसरला आणि साचा त्यावर आडवा ठेवला. म्हणाला, “राहू दे इथंच. फक्त असा.”

मॅडम म्हणाल्या, आडवा ठेवला तर आतलं पाणी निथळत नाही, वाळायला फार वेळ लागतो.

“लागू दे,” दादा म्हणाला. “त्यांना कुठं जायचंय?”

सबब:

क. सातव्या कलमातील अट पुरी झाली आहे. साचा आजपासून, माझ्या मरणाची वाट न पाहता, दादाच्या मालकीचा झाला. त्याने तो प्रयोगशाळेत वापरायला ठेवला आहे. वापरणाऱ्यांनी तो धुतल्यावर आडवा वाळवावा. घाईच्या दिवशीसुद्धा.

ख. नववे कलम रद्द. डबा दादा शुक्रवारी घेऊन गेला आणि शनिवारी भरून आणला.

ग. सोमवारी दादा बाकावर बसणार आहे. तो म्हणतो, तू परत आलास की हे सगळे कागद मी फाडणार. तसा अधिकार मी त्याला देत आहे. मात्र मी डोळे उघडल्यावर त्याने आत यावे आणि ते माझ्यासमोर फाडावेत.

सही: लिहून देणार
साक्षीदार १: तीच नर्स
साक्षीदार २: मॅडम
ठिकाण: प्रयोगशाळा, काचेचे टेबल
दिनांक: १७ मार्च २०१८, शनिवार