एका खाटेची दोन माणसं

११ जानेवारी
मेसच्या फळ्यावर नोटीस! जूनमध्ये आमचा हा तेलाचा प्लॅटफॉर्म बंद. क्रेन चालवणारे आम्ही दोघं, वॉटी आणि मी. कंपनीच्या पवनचक्क्या उभारणाऱ्या जहाजावर क्रेनची जागा एकच. अर्ज महिनाअखेरपर्यंत. दुसऱ्याने घरी बसायचं.

आमचा सुपरवायझर मर्डो चहा ढवळत म्हणाला, "सरासरी वय त्रेपन्न, एल्सी! भर समुद्रात वृद्धाश्रम काढलाय आपण." नवख्यांची हिरवी हेल्मेटं दोन वर्षं खुंटीवरच आहेत. तरुण पोरं येतच नाहीत. आणि मी चोपन्नची, त्यात बाई. किनाऱ्यावर मला कोण विचारतंय?

१३ जानेवारी
एक काम, एक खाट. तीन आठवडे वॉटी, तीन आठवडे मी. अकरा वर्षं झाली — भेट फक्त बदलीच्या दिवशी, पाच मिनिटं. बाकी सगळं क्रेनच्या केबिनमधल्या वहीतून, जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी लिहिलेलं. एकशेबारा माणसांत बायका चार. पहिल्या खेपेला मी अगदी रडकुंडीला आले होते. वहीत त्याने लिहून ठेवलं होतं : 'ब्रेक जरा उशिरा लागतो. मेसमधल्या टवाळांना भीक घालू नकोस. बिस्किटं वरच्या कप्प्यात.'

१७ जानेवारी
अर्ज केला.

१८ जानेवारी
वही लिहिली. तार, ब्रेक, तेल, केबिनच्या खिडकीची फट — सगळं लिहिलं. नोटीस सोडून. घरी असलेल्याला इथलं जे काही कळतं ते या वहीतूनच, हे मला ठाऊक आहे. वर फळ्यावरच्या नोटिशीवर शुक्रवारच्या माशांचा मेनूही टाचला. तो एकसष्टचा, घरी बायको जीन आहे, नातवंडं आहेत, अशी मनाची समजूत घातली. लाज वाटते. तरी ते पान बदललं नाही.

१९ जानेवारी
बदली. वॉटी आला, धापा टाकत.

"म्हातारी काय म्हणतेय?" क्रेनला म्हातारी म्हणतो तो.

"कुरकुरतेय."

"आणि तू?"

"मीही."

हसला. मग म्हणाला, "वहीत सगळं आहे ना, पोरी?"

"सगळं आहे."

हेलिकॉप्टरमध्ये खिडकीकडे तोंड करून रडत आले.

६ फेब्रुवारी
पीटरहेड, घरी. ऑफिसचा फोन — जागा मला! भांडी घासत होते, तशीच खाली बसले. आनंद व्हायला हवा होता ना!

९ फेब्रुवारी
आले. वॉटी सकाळच्याच फेरीने निघून गेलाय. अकरा वर्षांत पहिल्यांदा न भेटता. वहीत ब्रेक, तार, तेल. खाली : 'बिस्किटं वरच्या कप्प्यात.'

मर्डोला विचारलं, वॉटीला निकाल कोणी सांगितला? "सांगायचं काय त्यात? जुना माणूस म्हणून ऑफिसने नाताळाआधीच त्याला विचारलं होतं. म्हणाला, जागा एल्सीला द्या. नोटीस लावली ती आपली नियमापुरती."

म्हणजे "वहीत सगळं आहे ना, पोरी?" असं विचारलं, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.