कमावती माणसं किती?

प्रिय वकीलबाई,

बाबांनी लाडाने ठेवलेल्या नावानेच हाक मारतेय. तीन वर्षांनी आईचं पत्र आलं म्हणून फाडू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.

बाबांच्या पाठीचं दुखणं तेच आहे. इंजेक्शन वेळेवर मिळालं की काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात आणि दुकानदाराशी घातलेला वाद घरी येऊन मला साग्रसंगीत ऐकवतात. मी अजून रुग्णालयाच्या धुलाईखान्यातच. हातांची सालं निघायची काही थांबलेली नाहीत.

तीन वर्षांपूर्वी तुला चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात नोकरी लागून महिना झाला होता. पहिल्या पगारातून तू बाबांच्या पाठीला उशी आणलीस. त्याच आठवड्यात मी मदत कार्यालयात वर्षाचा अर्ज भरायला गेले. खिडकीतल्या बाईने विचारलं, घरात कमावती माणसं किती? एक म्हणता म्हणता मी दोन म्हणाले. तिने बेरीज केली आणि पेन खाली ठेवलं. तुझा पगार धरला की आपण मर्यादेच्या वर जात होतो. अगदी थोडेसेच, पण तेवढ्याने घरभाड्याची मदत बंद आणि बाबांचं इंजेक्शनही विकत. तुझा अख्खा पगार त्यातच गेला असता. मुलगी वेगळी राहत असेल तर गोष्ट निराळी, असं ती हळूच म्हणाली. बाई वाईट नव्हती.

घरी येऊन मी हे सांगितलं, तर वेगळं राहायला तू साफ नकार दिलास. बाबांना उठवणार कोण, म्हणालीस. आणि मग, "मी नोकरीच सोडते, त्यात काय एवढं?" तू ते अगदी सहज म्हणालीस. एकदा सोडलीस की तू कायमची सोडणार, आणि माझ्यासारखीच या मर्यादेच्या आत जन्म काढणार, हे मला दिसत होतं. समजावून तू ऐकणारी नव्हतीस. म्हणून दोन दिवसांनी मी त्या उशीवरून भांडण उकरून काढलं. पैसे उधळलेस म्हणाले. तू जन्मल्यापासून माझ्या नशिबी सुख नाही, असंही म्हणाले. ते वाक्य मी धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालताना ठरवून ठेवलं होतं. तू एका पिशवीत कपडे भरलेस आणि गेलीस. बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पंधरवड्याने मदत कार्यालयाचा तपासनीस आला. त्याने खाटा मोजल्या, कपाट उघडलं. तुझा निळा स्कार्फ खुंटीवरच राहिला होता. हा कोणाचा, त्याने विचारलं. मी तो काढून गळ्यात गुंडाळला आणि माझाच म्हणून सांगितलं.

त्यानंतर मला दोनदा मुकादमाची जागा देऊ केली. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं, कारण वाढलेल्या पगारापेक्षा बंद होणारी मदत मोठी होती. दुसऱ्या खेपेला साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, काही माणसांना वर यायचंच नसतं. मी खाली मान घालून इस्त्री करत राहिले. कोणाकोणाला सांगत बसणार?

गेल्या सोमवारी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी हो म्हणाले. ही जागा आता मोठ्या विभागाची आहे, पगार बराच जास्त आहे. पुढच्या महिन्यापासून मदत बंद. भाडं आणि इंजेक्शन निघेल, बाकी ओढाताणच. एखादं इंजेक्शन चुकलं तर चालेल, असं बाबा म्हणाले. मी कॅलेंडरवर पुढच्या इंजेक्शनची तारीख गोल केली.

आता हे पत्र का, ते सांगते. तू गेल्यावर मला कार्यालयात एक कागद लिहून द्यावा लागला होता: मुलीशी आमचा कसलाही संबंध उरलेला नाही. खाली माझी सही आहे. परवा मी तो रद्द करायला गेले, तेव्हा कळलं की मदत बंद करताना जुने कागद पडताळतात, आणि त्याची नक्कल तुझ्या पत्त्यावर रवानाही झाली. चार-सहा दिवसांत तुझ्या हातात पडेल. माझ्या अक्षरातलं ते वाक्य तू त्या कागदावर वाचण्याआधी माझ्याकडून ऐकावंस, एवढंच हवं होतं. त्या नकलेच्या खाली तुला विचारलंय, हे खरं आहे का. आम्हाला सांभाळून घ्यायचं म्हणून काही लिहू नकोस. माझ्या बाजूने ते तेव्हाही खोटं होतं. तुझ्या बाजूचं तू लिही.

तुझीच,
आई