काटासाहेब कॅमेरा घेतात

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल रोज लावतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघत बसतेस? भावोजींची साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे (नसेल तर मला कळवून उपयोग नाही, त्यांनाच कळव). इकडे आम्ही सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर माझी मान शिवणाने धरली आहे, यांची तब्येत मात्र ठणठणीत आहे, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा फोन आला की हे शेजारी खुर्ची ओढून बसतात, आणि सांगायचंय ते सगळं यांच्याबद्दलच आहे. म्हणून पत्राचा घाट घातला.

माझे फ्रॉक तू पाहिले आहेस. इतकी वर्षं गल्लीतल्या आणि ओळखीतल्या पोरींचेच शिवत होते. मागच्या महिन्यात मोठ्या बाजारपेठेतल्या एका दुकानवालीने त्यातला एक कुणाच्या तरी मुलीच्या अंगावर पाहिला, शोध घेत घेत माझा नंबर काढला आणि फोन केला. म्हणाली, महिनाअखेरपर्यंत सगळ्या नमुन्यांचे नीट फोटो पाठवा. पसंत पडले तर माझ्या दुकानात तुमचेच फ्रॉक ठेवते. उशीर झाला तर दुसऱ्या एका बाईंचे घेईन, त्या तयारच आहेत. ताई, या घरात माझ्या नावाने विचारत आलेला हा पहिला फोन. एरवी सगळे 'साहेब आहेत का' असंच विचारतात. मला ही ऑर्डर हवी होती, आणि किती हवी होती ते मी घरात कुणाला कळू दिलं नाही. पण माझ्या फोनवर फोटो काढला की डाळिंबी रंग विटकरी दिसतो आणि छातीवरच्या चुण्या बघून वाटतं की फ्रॉकला इस्त्री करायची राहिली आहे. तेव्हा असं ठरलं, की बटणांच्या डब्यात माझे जेवढे पैसे साठले आहेत तेवढ्यात बसेल असा एक साधा डिजिटल कॅमेरा घ्यायचा. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग हे म्हणाले, हे काम माझ्याकडे दे.

तुला आठवत असेल, हे वजनमाप खात्यात निरीक्षक होते आणि बाजारात यांना काटासाहेब म्हणत. निवृत्तीनंतर दुकानदारांची सुटका झाली, माझी कुठली व्हायला. घरात आलेली साखर पुन्हा वजन करून डब्यात जाते. दूधवाला मापाकडे न बघता यांच्या भुवयांकडे बघून दूध ओततो. अशा माणसाच्या हाती बाजारातले सगळे कॅमेरे लागले. पहिले काही दिवस यांनी नुसता अभ्यास केला. इंटरनेटवर एक दाढीवाला तरुण आहे, तो प्रत्येक कॅमेऱ्याबद्दल तासभर बोलतो आणि शेवटी म्हणतो की साध्या वापराला ठीक आहे, पण आणखी थोडेसेच पैसे घातलेत तर याच्या वरचा येईल. हे थोडेसे घालायचे. वरच्यापाशी पोहोचले की तो तिथेही तेच म्हणायचा. असं थोडंथोडं चढत आम्ही अशा कॅमेऱ्यापर्यंत गेलो की तो घ्यायचा तर शिवणयंत्र विकावं लागलं असतं (हे त्या नजरेने यंत्राकडे बघत होते, मी पाहिलं). मग तिथून पायरी पायरीने खाली. तोवर घरात मेगापिक्सेल, सेन्सर, झूम याशिवाय दुसरा विषय नाही. खरा झूम आणि खोटा झूम असे दोन असतात, हे मला जेवताना समजावून दिलं. खोटा झूम लिहिणाऱ्यांवर पूर्वी कशी कारवाई झाली असती, तेही. मी विचारलं, यातल्या कशात डाळिंबी रंग डाळिंबी दिसेल? तर म्हणाले, तू मध्येच विषय बदलू नकोस.

शेवटी एकदाचे दुकानात गेलो. मीही गेले, कारण डबा माझा होता. दुकानदाराने यांना पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पूर्वी त्याचं किराण्याचं दुकान होतं आणि यांनी त्याचा काटा दोनदा जप्त केला होता (त्या त्रासाला कंटाळूनच तो कॅमेऱ्यांच्या धंद्यात आला, असं तो नंतर मला हळूच म्हणाला). हे निवृत्त झालेत हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही, आणि यांनीही ते सांगितलं नाही. खुर्च्या आल्या, चहा आला. यांनी कॅमेऱ्याचं खोकं हातात घेतलं, त्यावर लिहिलेलं वजन मोठ्याने वाचलं आणि पिशवीतून स्वतःचा काटा काढला. कॅमेरा वजनाला जास्तच भरला. जास्त भरला म्हणून दुकानदार हसला, तर यांनी त्याला सुनावलं की जास्त असणं हीसुद्धा तफावतच. मग बॅटरीची पाळी. एकदा भरली की पाचशे फोटो निघतात असं खोक्यावर छापलेलं. कुणीही शहाणा माणूस हे वाचून मान डोलावतो आणि पुढे जातो. यांनी फोटो काढायला सुरुवात केली. पाचशे म्हणजे पाचशे, तेही तिथेच बसून, समोरच्या भिंतीवरच्या पंख्याचे. मी स्टुलावर बसून दोन फ्रॉकांची काजं केली. गिऱ्हाइकं यायची, दारातून पंख्याकडे बघायची, मग यांच्याकडे बघायची आणि परत जायची. बॅटरीने चारशेनव्वदच्या आसपास मान टाकली तेव्हा यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते आमच्या लग्नातही मी पाहिलं नव्हतं. कॅमेरा अर्थातच घेतला नाही. लबाडाचा माल घ्यायचा नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावरच्या सगळ्या कॅमेरेवाल्यांना बातमी पोहोचली होती. आम्ही कोपऱ्यावर दिसलो की कुणाचा माल संपलेला, कुणाला बाहेर जायचंय, एकाने तर आमच्या डोळ्यांदेखत शटर ओढलं आणि आतूनच सांगितलं की दुकान बंद आहे. यांना वाटलं, बाजारात अजून आपला दरारा आहे. छाती पुढे काढून घरी आले. मी डब्याला हात लावून बघत होते आणि महिना संपत आला होता.

शेवटी मीच गल्लीच्या टोकाच्या स्टुडिओवाल्यांकडे गेले. ते स्टुडिओ बंद करून मुलाकडे राहायला जाणार आहेत. त्यांनी वापरलेला कॅमेरा डब्यातल्या पैशात द्यायचं कबूल केलं, खिडकीजवळच्या उजेडात एक फोटो काढून दाखवला, आणि ताई, डाळिंबी रंग डाळिंबी दिसला. मी तिथल्या तिथे पैसे मोजले. यांना घरी आल्यावर सांगितलं. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी कॅमेरा यांच्या हातात, आणि म्हणाले, फोटो मात्र मी काढणार, तुझा हात हलतो. मुदतीचा शेवटचा दिवस होता. माझ्याकडे शेवटच्या फ्रॉकला गोंडे लावायचे होते. मी हो म्हटलं, आणि इथेच माझं चुकलं.

संध्याकाळी बघते तर सगळे फोटो काढून ईमेलने पाठवूनही मोकळे झालेले. मी ते उघडून पाहिले आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक फ्रॉक भिंतीला टाचलेला, शेजारी लाकडी पट्टी उभी, खाली दुसरी आडवी, कोपऱ्यात क्रमांकाची चिठ्ठी. चिठ्ठीवर छाती, उंची, बाही, घेर आणि वजन, खाली यांची सही. नोकरीभर हा माणूस जप्त केलेल्या मापांचे असेच फोटो काढत आला. माझे फ्रॉक गुन्ह्यात पकडल्यासारखे भिंतीला लटकले होते. ताई, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खोटं कशाला सांगू. हे दारात येऊन म्हणाले, सगळे स्पष्ट आलेत, काळजी करू नकोस. मी नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली.

दोन दिवसांनी दुकानवालीचा फोन आला. म्हणाली, आजवर मला सगळ्यांनी फुलांच्या कुंडीशेजारी ठेवलेले सुंदर कपडे पाठवले, आणि माप चुकलं म्हणून निम्मे परत आले. पट्टी लावून फोटो पाठवणाऱ्या तुम्ही पहिल्या. तिने सगळे नमुने घेतलेत, प्रत्येकाचे दोन डझन. फक्त एक अट घातली: प्रत्येक फ्रॉक ज्यांनी मापला त्या साहेबांनीच तपासावा आणि तशी सहीची चिठ्ठी सोबत जोडावी. हे तेव्हा शेजारीच खुर्ची ओढून बसले होते.

भावोजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. आता जे मागायचंय ते इथे लिहिते. यांनी माझ्या शिवणाच्या खोलीत टेबल मांडलं आहे. एका दोऱ्याइतका फरक आला तरी फ्रॉक परत. काल पाच परत केले, वर विचारतात की माल वेळेवर होईल ना. तेव्हा कृपा करून यांना महिनाभर तिकडे बोलावून घे. भावोजींना कॅमेरा घ्यायचा आहे आणि कुठला घ्यावा कळत नाही, एवढंच लिही. आणखी काही कारण लागणार नाही. सह्यांचं मी बघते.

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र पुन्हा उघडलं. वरचं सगळं रद्द समज आणि यांना बोलावू नकोस. यांनी परत केलेला हिरवा फ्रॉक मी रागारागाने पुन्हा मापला. डावी बाही खरंच लांब होती. मग बाकीचे चारही मापले, त्यांचंही तेच. हे असेच्या असे दुकानात गेले असते तर पुढची ऑर्डर त्या दुसऱ्या बाईंना. पाचही बाह्या उसवून पुन्हा लावल्या आणि फ्रॉक टेबलावर नेऊन ठेवले. यांनी आत्ता पहिला फ्रॉक उचललाय, पट्टी लावली आहे, आणि मी इकडे तुला लिहिण्याचं नाटक करत बसले आहे. ताई, दुकानवालीच्या फोनच्या वेळीसुद्धा माझं काळीज असं धडधडलं नव्हतं.