गोल होतो तेव्हा मी आत असतो

४ जून
आजपासून पुस्तकाला सुरुवात. विषय : कॉन्टिनेंटल कपमधली आपली फुटबॉल टीम. आजवर चार वेळा गेलो, चारही वेळा पहिल्या फेरीतूनच परत. एकूण गोल तीन. पैकी एक समोरच्यांच्या बॅकने गडबडीत स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. इतिहास आटोपशीर आहे, महिन्याभरात हातावेगळा होईल.
एकच अडचण. तिन्ही गोल झाले तेव्हा मी बाथरूममध्ये होतो. पहिल्याला तोंडाला साबण. दुसऱ्याला गीझर बघत होतो. तिसऱ्या वेळी सासरेबुवांनी (आमच्याकडेच असतात) प्रयोग म्हणून मला आत पाठवलं, आणि गोल झाला. निव्वळ योगायोग. रिप्ले पाहिलेत, पण रिप्लेमध्ये काय होणार ते आधीच ठाऊक असतं. मला एकदा तरी गोल होताना बघायचाय. इतिहासकाराने एवढीही अपेक्षा ठेवू नये?

९ जून
उद्यापासून पाचवा कप. निश्चय : सोफ्यावरून हलायचं नाही. बायकोला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, बसा हो, बघते तुम्हाला कोण उठवतं ते. प्रस्तावना लिहायला घेतली. झोप आली.

१० जून
०-२. सबंध सामना बघितला. सामना बघायला शेजारीपाजारी आमच्याकडेच जमतात; जाताना त्यांच्यातला खालचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, काका, हल्ली अंघोळ वगैरे वेळेवर होते ना? टोमणा कळला. दुर्लक्ष केलं.

१४ जून
हाफटाइमला ०-०. सासरेबुवा म्हणाले, जावईबापू, बाथरूमचा नळ गळतोय वाटतं, जरा बघता का. नळ गळत नव्हता. पण वडीलधाऱ्यांचा शब्द मोडणं माझ्या स्वभावात नाही. आत गेलो, बाहेरून कडी. दुसरा हाफ सुरू होताच सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. १-०! दार बडवलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, काका, सामना संपेपर्यंत कळ काढा.
कपमधला आपला पहिला विजय. मी त्याचा साक्षीदार आहे. कानाने.

१५ जून
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. प्रमोशनचं असणार, म्हणून शर्ट नीट खोचून गेलो. म्हणाले, सतराला हाफ डे घ्या, घरी जा, आणि प्लीज आत बसा. माझ्या अभ्यासाची दखल आता वरपर्यंत घेतली जातेय.

१७ जून
ठाम नकार देणार होतो. पण बघतो तर बाथरूममध्ये स्टूल, उशी, टेबलफॅन. इलेक्ट्रिशियनने पदरमोड करून वायर ओढून दिलेली. एवढ्यांचं मन मोडवेना. डायरी घेऊन आत बसलो.
१-१. पुढे जायला बरोबरी पुरली. क्वार्टर फायनल! इतिहासात प्रथमच. बाहेर नाच चाललेला, आत मी फॅनसमोर. डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचंच असावं. मग मनात आलं, टीम जितकी जिंकेल तितका मी आत. त्यापेक्षा हरली तर बरी. असं वाटल्याची लाज वाटली. हे पुस्तकात घ्यायचं नाही.

२० जून, दुपार
बायकोशी भांडण. म्हणालो, अगं, माझं वय काय, पुन्हा आपली टीम एवढी वर कधी जायची? आयुष्यात एक गोल बघू द्या मला. तिने सोफ्यावरची उशी झटकली. मग म्हणाली, बसा आज. तुम्हाला कुणी आत घातलं तर माझ्याशी गाठ आहे. हायसं वाटलं. आजच्या गोलाचं वर्णन आधीच लिहून ठेवलं, फक्त खेळाडूचं नाव भरायचंय.

२० जून, संध्याकाळ, बाथरूम
सोफ्यावर बसलो. ०-१. ०-२. ०-३. सासरेबुवा उठून जायच्या तयारीत चप्पल घालून बसले. बायकोने चहा दिला तो माझ्याकडे न बघता. शेवटची दहा मिनिटं उरली. मला ते सहन होईना. तोंड धुवायला म्हणून उठलो. अगदी स्वतःच्या मर्जीने, याची नोंद असावी.
नळ सोडला आणि गोल झाला.
तोंड न पुसता दाराकडे धावलो. तेवढ्यात बाहेरून कडी सरकली. पावलं ओळखीची होती. बायकोची. आणखी दोन गोल हवे होते, तिचं तरी काय चुकलं?
दार बडवलं नाही. स्टूलवर बसलो. दुपारी लिहून झाल्यावर डायरी इथेच राहिली होती, ते बरं झालं.
आणखी गोल झाला नाही. १-३. टीव्ही बंद झाला. सगळे हळहळत आपापल्या घरी गेले. बायको सासरेबुवांना घेऊन पाय मोकळे करायला बाहेर पडली, जिन्यावर त्यांची समजूत घालताना ऐकू येत होती. कडीचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.
हरकत नाही. लिहायला निवांतपणा मिळाला. पुढचा कप चार वर्षांनी. तोवर कुणीतरी उघडेलच.