रसेलचं सैन्य विक्रीला

सोमवार, ४ नोव्हेंबर

रसेल अजून आलेला नाही. शुक्रवारी सकाळी मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला निघाले तेव्हा चहा पीत बसला होता. संध्याकाळी आले तर कप धुऊन उपडा घातलेला, अंथरूण घडी करून ठेवलेलं, आणि फोन उशीवर. फोन ठेवून माणूस जातो कुठे?

पोलीस चौकीत परत जाऊन आले. तिथली मुलगी चांगली होती, बसायला खुर्ची दिली. पण म्हणाली, "एक्कावन्न वर्षांचा माणूस आहे, मिसेस हॅलम. स्वतःच्या पायांनी गेलाय. नोंद करून घेतलीय आम्ही."

तिला कसं सांगू की हा माणूस कधी कुठे गेलाच नाही. सगळं आयुष्य आईजवळ काढलं. तिचं जेवण, तिच्या गोळ्या, शेवटी तिचं आंघोळपाणीसुद्धा. वसंतात आई गेली आणि पाठोपाठ घरही गेलं — नगरपालिकेचं घर, भाड्याची चिठ्ठी तिच्या नावावर. माझा हा धाकटा भाऊ दोन पिशव्या घेऊन माझ्या मागच्या खोलीत आला. त्याचे ते खेळातले शिसाचे शिपाई मावेनात, म्हणून ते जिथे खेळतात त्या क्लबच्या खोलीत नेऊन ठेवले. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर — "ठीक आहे, ग्लेनिस."

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज दर वर्षीची शेकोट्यांची रात्र. गल्लीभर फटाके. दर आवाजाला दाराकडे धावतेय.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

काल कालव्याच्या काठाने बंधाऱ्यापर्यंत चालत गेले. पाण्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तेच बघत होते.

आज ट्रेव्हरचा फोन लागला. हा क्लबचा चिटणीस, बस चालवायचा, आता निवृत्त. रसेलच्या तोंडून नाव ऐकलेलं, बाकी ओळख नाही. त्याला काहीच माहीत नव्हतं. पण म्हणाला, "शनिवारी क्रीडागृहात आपला मेळावा आहे ना. येईल तो, छातीठोक सांगतो. बावीस वर्षांत एकदाही चुकवला नाही. एकदा तापाने फणफणलेला, तरी घोडदळ घेऊन हजर. तू ये, पोरी. तुझ्या आधी मीच धरतो त्याला दारात."

या वयात कोणी पोरी म्हटलं की रडू येतं.

टेबलावर लुटुपुटूच्या लढाया खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचा मेळावा. माझी सगळी आशा आता त्यावर.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

उद्यासाठी काळा कोट काढून ठेवला, आईच्या दफनाला घातलेला. मग बघवेना. परत कपाटात टाकून निळा काढला.

शनिवार, ९ नोव्हेंबर. संध्याकाळ

लिहिते. बसून राहिले तर वेड लागेल.

दार उघडताना क्रीडागृहाशी पोचायचं होतं, पण बस चुकली. गेले तेव्हा आत ही गर्दी. बॅडमिंटनच्या रेषांवर टेबलंच टेबलं, त्यांवर हिरव्या चादरी, स्पंजची झाडं, बोटाएवढे शिपाई. पोटं सुटलेली माणसं वाकून टेपने अंतरं मोजतायत, फासे टाकतायत. डुकराच्या मांसाच्या पावांचा आणि ओल्या कोटांचा वास. बहुतेकांच्या कोटावर युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं लाल कागदी फूल. आणि मी प्रत्येकाच्या पाठीकडे बघत फिरतेय — हा का? हा का?

ट्रेव्हर दारातच भेटला. चेहऱ्यावरूनच कळलं. "नाही दिसला अजून. सकाळी मी टेबलं लावण्यात होतो. पण दिवस आहे पुढे."

त्यांच्या क्लबच्या टेबलापाशी गॉर्डन होता. रसेल घरी आल्यावर ज्याला शिव्या घालायचा तो हाच. फुगलेला, दमेकरी, तोंडाने श्वास घेणारा. टेबलावरून मान वर न करता म्हणाला, "तू बहीण का? सांग तुझ्या भावाला, खेळातली त्याची जागा मी एका पोरसवदा माणसाला दिलीय. मागच्या वर्षीच्या डावात माझा पूल फुकटात घेतला होता त्याने. फासा कडेवर पडला होता, कडेवर!"

"गॉर्डन, गप रे," ट्रेव्हर म्हणाला.

"का? खरं आहे ते."

मी पुढे सरकले. पार कोपऱ्यात जुन्या वस्तूंच्या विक्रीचं टेबल. लोक आपलं नको झालेलं सैन्य तिथे आणून ठेवतात, दुसरे घेतात. मागे मॅव्हिस नावाच्या बाई विणत बसलेल्या. आणि त्यांच्या समोर, झाकण काढलेल्या चपट्या लाकडी पेटीत, निळ्या कोटांचे प्रशियन शिपाई.

मला शिपायांतलं काही कळत नाही. पण हे कळतात. वर्षानुवर्षं आईच्या जेवणाच्या टेबलावर हेच असायचे, मिठाच्या बाटलीमागे दबा धरून. आई म्हणायची, "तुझं सैन्य हलव बाबा, मटार सांडतील अंगावर." पेटीसुद्धा रसेलनेच केलेली.

"ही कोणी आणली?"

"उंच माणूस होता. हिरवी टोपी, बोलणं कमी," मॅव्हिसबाई म्हणाल्या. "दार उघडल्या उघडल्या आला. विचारलं, किंमत काय लावू? म्हणाला, किंमत नको, जो खेळेल त्याला द्या. नवीन काही घेतलं असेल, जागा करत असेल, असं वाटलं मला. करतात हे लोक असं."

आज सकाळी! जिवंत आहे! मला चक्क हसू फुटलं. मी पळत ट्रेव्हरकडे गेले, त्याचा हात धरून ओढत आणलं. गॉर्डनही मागून आला, कुरकुरत. "प्रशियन देऊन टाकले? तो? काहीतरीच."

त्याने पेटीतला वरचा कप्पा अलगद उचलला. खाली फडक्यात गुंडाळलेले, शिपाई रंगवायचे ब्रश होते. बारीक, काही तर दोन-तीन केसांचेच. गॉर्डनने फडकं उघडलं, पाहिलं, पुन्हा तसंच गुंडाळलं.

मग म्हणाला, "शिपाई विकतात लोक. मीही विकलेत. ब्रश कोणी देऊन टाकत नाही, ट्रेव्हर."

"तसं बोलू नकोस."

"मग कसं बोलू?"

मला तेव्हा कळलं, तो निरोप घेऊन गेला होता. माझं हसू अजून तोंडावर तसंच होतं, ते कसं उतरवावं ते समजेना. मॅव्हिसबाईंनी विणकाम खाली ठेवलं.

ट्रेव्हर ध्वनिक्षेपकाकडे गेला. तिथून एरवी गाडी हलवा, चहा तयार आहे असलं काही सांगतात. त्याचा आवाज बसलेला. "रसेल थॉर्पला तुमच्यातले पुष्कळजण ओळखतात. सकाळी इथे आला होता आणि आपलं सगळं देऊन गेला. सगळं म्हणजे — ब्रशसुद्धा. आठवडाभर घरी नाही. आम्हाला त्याची भीती वाटतेय. ज्यांना चालता येतं त्यांनी दारापाशी यावं. एवढंच."

मला वाटलं होतं माना वळतील, च्-च् करतील, पुन्हा फासे वाजायला लागतील. फासे वाजलेच नाहीत. माणसं कोट घालू लागली. दुकानं मांडली होती त्यांनी मालावर चादरी ओढल्या. ज्यांनी रसेलला आयुष्यात पाहिलं नसेल असेही आले — लीड्सचे, कुठकुठले. ट्रेव्हरने बस आगारातल्यासारखी विभागणी केली: तुम्ही कालवा, तुम्ही स्टेशन, तुम्ही दफनभूमी, चौघे इथली पार्किंग आणि संडास. कोणीतरी पोलिसांना फोन लावला. या वेळी त्यांनी नुसती नोंद नाही केली, गाडी पाठवली.

मी गॉर्डनच्या गाडीतून डोंगरावरच्या तलावाकडे गेले. रसेल लहानपणी तिथे एकटाच जाऊन बसायचा हे मीच सांगितलं होतं. चढावर गॉर्डनच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"इनहेलर आहे का?" मी विचारलं.

"आहे. आत्ता त्याचं नको." थोड्या वेळाने म्हणाला, "बावीस वर्षं भांडतोय आम्ही. दर गुरुवारी. त्याचं घोडदळ कुठून येणार ते मला डोळे मिटून सांगता येतं. आणि आई गेली हे मला आज तुझ्याकडून कळतंय."

"तो सांगणारा नाही."

"मी विचारणारा नाही."

तलावावर वारा असा की उभं राहवेना. पाणी काळं. आम्ही काठाने निघालो, तो एका अंगाने, मी दुसऱ्या. मी हाका मारत होते. पलीकडून त्याचा फाटका आवाज येत होता — "रसेल! अरे गाढवा!" — आणि मध्येच खोकल्याने तुटत होता. एका दगडाजवळ काहीतरी हिरवं दिसलं. मी धावले. गुडघ्यावर पडले. खताची पिशवी होती.

तिथेच बसून राहिले. मनात नको ते आलं — की सापडू दे एकदाचा, कसाही, म्हणजे हे थांबेल. असं माझ्या मनात आलं. सख्ख्या भावाबद्दल.

गॉर्डन फिरून आला, शेजारी बसला. मग ट्रेव्हरचा फोन आला. क्लबच्या खोलीत, देखाव्यांच्या फळ्यांमागे, रसेलची झोपायची पिशवी मिळाली. आठवडाभर तिथेच होता. गुरुवारी हे सगळे खेळायला जमले तेव्हा बाहेर कुठेतरी थांबला असणार. पिशवी गुंडाळून दोरी बांधलेली. जमीन झाडून काढलेली.

झाडून काढलेली. परत येणारा माणूस झाडत बसत नाही.

अंधार पडल्यावर खाली आलो. क्रीडागृह बंद झालेलं. पायऱ्यांवर मॅव्हिसबाई पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "दोघांनी मागितली. नाही दिली मी." माणसं अजून बॅटऱ्या घेऊन कालव्यावर आहेत. पोलिसांनी कुत्रा आणलाय. मला घरी आणून सोडलं, घरी कोणीतरी असायला हवं म्हणून.

घरी कोणीतरी आहे. मी आहे. गुडघ्याचं रक्त मोज्यात सुकलंय. त्याचा फोन समोर ठेवलाय, जणू तोच वाजवणार आहे.

काही नाही. अजून काही नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

उजाडताना दारावर टकटक. पोलीस, असंच वाटलं. भिंत धरून दार उघडलं. रसेल होता. पावसाने चिंब, ओठ निळे. आत आला.

ट्रेव्हरला कळवलं. ट्रेव्हर नुसता रडत राहिला. उद्या डॉक्टर, मी बरोबर. आज त्याला नजरेआड करणार नाही.

अर्धा पाव खाल्ल्यावर स्वतःहून बोलला. तो गेलाच नव्हता. क्रीडागृहात वर, प्रेक्षकांच्या बाकांच्या रांगेत, अंधारात बसला होता. शेवटचं एकदा बघावं आणि मग निघावं म्हणून. मला खाली फिरताना पाहिलं, तरी उठवेना. रात्री सगळे त्याला शोधत होते तेव्हा त्यांच्या बॅटऱ्या टाळत गावाबाहेरून चालत राहिला. तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणाला.

"मग आलास कसा?"

त्याने कप खाली ठेवला.

"गॉर्डन जिंकत होता, ग्लेनिस. वरून सगळं दिसत होतं. दोन फासे टाकायचे बाकी होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिंकत होता तो. आणि माझं नाव ऐकल्यावर टेबलावरचे फासे तसेच सोडून कोट शोधायला लागला."