साचला नाही, साठवला

१२ डिसेंबर
रिटायर झाल्यावरचं पहिलं मोठं काम : शाळेच्या अंकासाठी 'साचणे' या क्रियापदावर लेख. अर्थ लिहून झाला. थोडं थोडं, कोणी न बोलावता जमत जाणे. पाणी साचते, गाळ साचतो, केर साचतो. बाकी उदाहरणं आठ दिवसांत.
दुसऱ्या वेच्याचा कापूस घरी आला. बायकोनं, पुष्पानं, बाया लावून वेचला. समोरच्या खोलीत टाकला. भाव चढल्याशिवाय विकणार नाही. शेजारच्या खेमसिंगनं कालच विकला. तांड्यात दूरदृष्टी कोणाले?

२९ डिसेंबर
तिसरा वेचा आला. खोली भरली, आता पलंगावर ढीग. पुष्पाच्या अंगाले खाज सुटली. म्हणे, विकून टाका न. मागच्या साली साठवलेल्या तुरीले भुंगे लागले होते, तेही बोलून दाखवलं तिनं. जुनं उकरायची सवय! तिले समजावलं, हा साचला नाही, साठवला आहे. साठवायले डोकं लागते. गप्प झाली. पटलं असावं.

७ जानेवारी
'मनात साचणे'ले उदाहरण पाहिजे. घरचं सापडून नाही राह्यलं. पुष्पा मनात काही ठेवतच नाही. आताशा तर तक्रारही नाही. सैपाकखोलीत चटई टाकून झोपते. तिथं ऊब असते.
लेख उद्यापासून, नक्की.

१९ जानेवारी, सकाळ
पुष्पा बहिणीकडे नेर गावाले गेली. पेटी घेऊन. एवढे कपडे कायले, विचारलं. थंडी आहे म्हणे. चला, हवापालट. संक्रांत झाली, भाव आता चढतेच.

२ फेब्रुवारी
भाव पडला. तात्पुरता. मलेही खाज सुटली. हवामान, दुसरं काय! पुष्पा फोन उचलत नाही. नेरले रेंज नसेल.

२० फेब्रुवारी
विकला. पिवळा पडला होता. व्यापाऱ्यानं मूठभर हातात घेतला अन् हसला. खेमसिंगनं काही विचारलं नाही, उपकार झाले. घर झाडलं. पलंग मोकळा केला, धुतलेली चादर टाकली. आता येईलच.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
बहिणीच्या फोनवर भेटली. म्हटलं, कापूस गेला, घर मोकळं झालं, ये आता. म्हणाली, कापूस तर यंदाचा होता. आवाजही चढवला नाही. फोन ठेवला.
बाकीचं कधीपासूनचं, हे विचारायची हिंमत झाली नाही.
लेखाले उदाहरण मिळालं. लिहवत नाही.