अठ्ठ्याऐंशी पट्ट्या की एकसष्ट

मी, नोझुए तोमिए, वय अठ्ठ्याहत्तर, कै. नोझुए शोइची यांची पत्नी, राहणार हामामात्सु, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. गोंधळलेले आहे, पण ठिकाणावर आहे. हे दोन्ही एकदम चालते का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, "बाई, लोकांच्या डोक्यात गोंधळ नसता तर माझ्याकडे कोण आलं असतं?" हाताने लिहिलेल्या मृत्युपत्रात खाडाखोड केली तर काय खोडले आणि काय घातले हे शेवटी लिहून शिक्का मारावा लागतो, असेही त्यांनी बजावले. माझा स्वभाव मला माहीत असल्याने शेवटी जागा सोडून ठेवली आहे.

कलम १. माझ्या मागे दोन माणसे आहेत. एक, माझा मुलगा केइगो, राहणार नागोया. दुसरी, सुएली. ही केइगोची बायको होती. सहा वर्षांपूर्वी त्यांची फारकत झाली. तिचे आजोबा इथून ब्राझीलला कॉफीच्या मळ्यावर गेले आणि ती तिथून इथे मोटारींच्या कारखान्यात आली. फारकतीच्या दिवशी केइगो म्हणाला होता, "आई, सुएली वसंतापर्यंत राहील वरच्या खोलीत. मग तिचं ती बघेल." ती अजून वरच्या खोलीतच आहे. नोझुए हे आडनावही तिने बदलले नाही. सवड झाली नाही म्हणते. ती माझी कोण, हे लिहायला कागदावर जागा आहे आणि मला शब्द सापडत नाही. पाहुणी म्हणावे तर पाहुणी दुसऱ्याच्या घरचा संडास घासत नाही. तूर्त "पूर्वीची सून" असे लिहिते.

कलम २. केइगोच्या जन्माच्या वर्षी, गावच्या रीतीप्रमाणे, त्याच्या नावाने उडवलेला मोठा पतंग माळ्यावर गुंडाळून ठेवला आहे. तो केइगोने न्यावा. शेजारचे उचियामा यांच्या टोळीने त्या वर्षी दोर घासून तो पाडला होता, ते मी विसरलेले नाही. म्हणून माझी अॅल्युमिनियमची शिडी, जिच्यावर उचियामांचा फार दिवस डोळा आहे, ती त्यांना देऊ नये.

कलम ३. माझी नोकरी सिंथेसायझर बनवणाऱ्या कारखान्यात, ऐकण्याच्या खोलीत होती. काळा पडदा असे. पडद्यामागे दोन यंत्रे, एक आमचे आणि एक बाहेरचे, एकच सूर वाजवत आणि आम्ही सांगायचे, डावे चांगले की उजवे. का चांगले, हे कोणी विचारत नसे. विचारले की माणूस कारणे रचायला लागतो आणि कान बंद होतो, असे आमचे साहेब म्हणत. मला ते पटले आणि पुढे घरातही मी तसेच वागले. तिथले माझे हेडफोन माझी सहकारी साएगुसा हिला द्यावे. जन्मभर ती माझे उत्तर ऐकून मग स्वतःचे देत आली. आता तिने स्वतःच्या कानांनी ऐकावे.

कलम ४. सिंथेसायझर. हे कलम लिहिताना सदर यंत्र मी अजून विकत घेतलेले नाही, तरी ते सुएलीला द्यावे.

सुएली रविवारी आपल्या लोकांच्या चर्चमध्ये वाजवते. मी एकदा गेले होते. गाणे संपून प्रार्थना सुरू झाली की तिला पियानोचा आवाज बदलून तंतुवाद्यांचा लावावा लागतो, आणि तिचे जुने यंत्र त्या क्षणी गप्प होते. उचकी लागल्यासारखा खंड पडतो, आणि तिची मान खाली जाते. म्हणून नवे घ्यायचे.

स्टेशनजवळच्या दुकानात उमेहारा नावाचे विक्रेते आहेत. माणूस भला, पण बोलायला लागला की थांबत नाही. त्यांनी तीन यंत्रे दाखवली. काळ्या यंत्राला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, पियानोसारख्या जड. आत खऱ्या पियानोचे ध्वनिमुद्रण. आणि आवाज बदलला तरी दाबून धरलेला सूर तुटत नाही. राखाडीला एकसष्ट पट्ट्या, हलक्या; त्यात ध्वनिमुद्रण नाही, यंत्र आवाज गणिताने घडवते; बटणे सगळी समोर. काळ्यात मात्र एका यादीच्या पोटात दुसरी यादी.

"मग राखाडीत सूर तुटतो का?" मी विचारले.

"एकाच गटातले आवाज असतील तर नाही तुटत. गट बदललात तर तुटतो."

"पियानो आणि तंतुवाद्यं एका गटात आहेत?"

"तुम्ही कशी मांडणी करता त्यावर आहे."

"आणि ते तिसरं? त्याला तर पट्ट्याच नाहीत."

"ते सगळ्यात ताकदवान आहे, बाई. पट्ट्या वेगळ्या जोडायच्या."

बैल वेगळा, नांगर वेगळा. घरी येऊन मी माहितीपत्रके जमिनीवर पसरली. एकात दोनशे छप्पन्न सूर एका वेळी वाजतात, दुसऱ्यात सोळा. सुएलीला बोटे दहा आहेत. उरलेले सूर कोणासाठी, हे उमेहारांनी मला दोनदा समजावले आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली.

शेवटी मी सुएलीला दुकानात नेले, यंत्रांकडे पाठ करून बसले आणि म्हटले, वाजव. तिने एक भजन वाजवले. मी म्हटले, "डावं." तिने पुन्हा वाजवले. मी म्हटले, "हे उजवं. डावंच बरं." मग सुएली हळूच म्हणाली, "आई, दोन्ही वेळा उजवंच होतं."

माझे कान गेले आहेत. हे मी इथे पहिल्यांदा लिहीत आहे. उमेहारांनी चहा आणला तेव्हा मला रडू आले, आणि मी चहा गरम आहे म्हटले.

कलम ५. घर. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर एक खोली, मागे संत्र्याची दोन झाडे. केइगो म्हणतो, "आई, तुझ्यामागे विकून टाकू. सुएलीची बहीण आहे की ब्राझीलला, लोंद्रिनाला." बहीण दर रविवारी फोन करते, ये म्हणून, हे मलाही ऐकू येते, तेवढे कान आहेत. माझ्यामागे सुएलीच्या डोक्यावर छप्पर राहावे, एवढीच मला काळजी आहे. पण तिला ते हवे आहे का? विचारले असते तर मला बरे वाटेल तेच तिने सांगितले असते. म्हणून मी ऐकण्याच्या खोलीची रीत वापरली. तिला म्हटले, "माझे कान राहू देत. तूच निवड."

काळे धूड एकदा वर चढवले की हलायचे नाही. राखाडी विमानात जाते. चर्चसाठी काळेच योग्य, हे तिला आणि उमेहारांना दोघांनाही माहीत होते. ती काळ्यावर पुष्कळ वेळ वाजवत बसली. मग उठली आणि राखाडीवर हात ठेवला.

"हे."

का, हे मी विचारले नाही. पैसे दिले आणि घरी आले. येताना तिने रात्रीच्या जेवणाला ग्योझा, सारणाच्या छोट्या करंज्या, घेतल्या. मी भूक नाही म्हणून झोपले.

सबब असे लिहिते: घर माझ्यामागे विकावे. निम्मी रक्कम केइगोला, निम्मी माझी पूर्वीची सून सुएली हिला. तिच्या विमानभाड्याचे पैसे आधीच वेगळे काढावे, म्हणजे तिला कोणाकडे मागायला नको. यंत्राचा खोका फेकू नये, प्रवासाला लागेल.

कलम ६. (हे कलम नंतर लिहिले आहे. कलम ५ शी जिथे जुळत नाही तिथे हेच खरे मानावे.)

शनिवारी संध्याकाळी मी संत्री सोलत बसले होते. जिन्यावर धपधप झाली. सुएली यंत्र काखेत मारून खाली आली, माझ्या खोलीतल्या बुटक्या मेजावर तिने ते ठेवले आणि वायर लावली.

"हे काय?" मी म्हटले.

"तुम्हाला जिना चढवत नाही ना आता. वर वाजवलं तर तुम्हाला ऐकू येत नाही. ते काळं रोज खाली कोण आणणार? माझी कंबर मोडेल."

"आणि चर्चमधली उचकी?"

"देव घेईल समजून, एवढासा खंड. तुमचं काय?"

मी विचारले, "मग लोंद्रिनाला कधी जाणार?"

"पुढच्या वर्षी, पंधरा दिवस. झाडांना पाणी घालाल का, तेच विचारायचं होतं." मग तिने माझ्याकडे नीट पाहिले. "म्हणून त्या दिवशी जेवला नाहीत?"

"भूक नव्हती."

"आई, तुम्ही तोंडाने विचारत का नाही हो काही?"

तिने वाजवले. यंत्रावरच्या फिरवायच्या एका बटणावर माझा हात ठेवला आणि म्हणाली, ऐकू येईपर्यंत फिरवा. वरचे सूर मला आता ऐकू येतच नाहीत. तिने सगळे गाणे खालच्या पट्ट्यांवर नेऊन बसवले. कारखान्यातल्या ऐकण्याच्या खोलीत मी जन्म घालवला, पण एवढे मन लावून मी कधी ऐकले नव्हते. राखाडी चांगले की काळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

सबब: घर विकू नये. घर, संत्र्याची झाडे आणि सिंथेसायझर सुएलीला. बँकेतली सर्व रक्कम केइगोला. तो त्याचा हक्क आहे आणि तो वाईट मुलगा नाही, फक्त घाईचा आहे. खोका फेकून द्यावा.

कलम ७. साक्षीदार लागत नाहीत असे वकील म्हणतात. तरी मी दोन बोलावले. उचियामा चष्मा पुसत म्हणाले, "वाचलं मी सगळं. शिडीचं एवढं मनावर घ्यायचं?" मी म्हटले, "सही करा, मग बघू." सही झाली. शिडी त्यांना द्यावी.

येणेप्रमाणे लिहून दिले.

ठिकाण: हामामात्सु, स्वयंपाकघर
दिनांक: रेइवा सहा (इ.स. २०२४), नोव्हेंबर महिन्याची चोवीस तारीख
सही व शिक्का: नोझुए तोमिए

साक्षीदार:
१. उचियामा ताकेशिरो, शेजारी
२. उमेहारा नाओया, वाद्यांच्या दुकानातील विक्रेते (यांनी राखाडी यंत्राबद्दल पुन्हा सांगायला सुरुवात केली होती, थांबवले.)

दुरुस्तीची नोंद, दिनांक तीन डिसेंबर:

काल सुएली आणि मी पालिकेत जाऊन दत्तकाचा कागद देऊन आलो. या वेळी मी तोंडाने विचारले होते. ती म्हणाली, "सही कुठे करायची?" आमच्या गल्लीत तीन घरांत सासऱ्याने जावई दत्तक घेतला आहे, सासूने सून घेतली तर कोणाचे काय बिघडते? केइगोला फोन केला.

"म्हणजे ती आता माझी बहीण?"

"कागदावर."

"आई, हे फार विचित्र आहे."

"तुमची फारकत झाली तेव्हा मलाही विचित्रच वाटलं होतं."

मग तो म्हणाला, नवीन वर्षाला येतो.

सबब कलम १ आणि कलम ५ मध्ये "पूर्वीची सून" हे दोन शब्द खोडले आहेत आणि त्या जागी "मुलगी" हा एक शब्द घातला आहे. खोडल्या जागी शिक्का मारला आहे. दुरुस्तीचे कारण लिहावे लागत नाही, असे वकील म्हणतात. तरी लिहिते: ती रोज संध्याकाळी यंत्र खाली घेऊन येते.

नोझुए तोमिए (शिक्का)